क्रूझिंग बोटीसाठी मेनसेलची सिस्टीम कशी निवडायची: बेळगावकडच्या नवख्यांसाठी पायरीपायरीनं

बेळगावला समुद्र नाही, पण चोर्ला घाट उतरला की अडीच-तीन तासांत पणजी येते, आणि त्या जवळिकीमुळंच आम्ही तिघांनी मिळून ३३ फुटी जुनी सेलबोट घेतली. मी, माझा मेव्हणा, आणि मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले आमचे सुभेदारसाहेब. माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, लेथ, मिलिंग, थोडं वेल्डिंग, एवढंच, त्यामुळं बोटीवरचं लोखंड-ॲल्युमिनियम मला कळत होतं पण शीड म्हणजे मेनसेल हा प्रकार कसा चढवायचा, कसा उतरवायचा, वारं वाढल्यावर कसा लहान करायचा याच्या इतक्या पद्धती असतात हे माहीतच नव्हतं. आता ओळखीतले दोघं-तिघं, एक खानापूरचा, एक निपाणीचा, बोट शेअरमध्ये घ्यायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकाचा फोनवर तोच प्रश्न, मास्टमध्ये गुंडाळणारं शीड असलेली बोट घेऊ का साधी. प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

थोडे शब्द आधी. मास्ट म्हणजे डोलकाठी. तिच्या मागचं मुख्य शीड ते मेनसेल, पुढं नुसतं शीड म्हटलं की तेच. बूम म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा. हॅलयार्ड म्हणजे शीड वर ओढायचा दोर. मास्टला लागून असलेली शिडाची कड ती लफ, मागची मोकळी कड ती लीच. शिडाचा पुढचा खालचा कोपरा टॅक, मागचा खालचा कोपरा क्लू. आणि रीफ घेणं म्हणजे वारं वाढल्यावर शीड कमी करणं. एवढे शब्द आले की पुढचं सगळं समजतं.

१. आधी हात मोजा

बोट किती फुटी आहे ते नंतर. बोटीवर दोर ओढायला, विंच (दोर आवळायची हातानं फिरवायची चरखी) फिरवायला खरोखर किती माणसं असणार ते आधी ठरवा. आम्ही तिघं आहोत असं म्हणतो खरं, पण शनिवारी कुणाची तरी डिलिव्हरी असते, कुणाचं लग्नकार्य असतं, बऱ्याच वेळा मी आणि बायको दोघंच असतो. मग एक माणूस सुकाणूवर आणि एकच माणूस शिडाशी. तेव्हा सिस्टीम निवडताना सगळ्यात कमी माणसं असतानाचा दिवस डोळ्यासमोर धरा, आणि त्यात वारं वाढलेलं धरा, कारण दहा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात सगळ्याच सिस्टीम छान चालतात.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. १० नॉटचं वारं २० नॉट झालं की शिडावरचा जोर चौपट, १५ चं २० झालं तरी पावणेदोन पट. म्हणजे वारं थोडंच वाढलंय असं वाटतं तोवर हातातला दोर वेगळ्याच ताकदीनं ओढायला लागतो. मालवणला एका तांडेलानं मला सांगितलेलं, "शीड झटक्यान खाली येवक व्हया, चढवूक कितको येळ लागता ता इचारू नको." त्यांच्या बोटी वेगळ्या, पण माझ्या मते कुठलीही सिस्टीम बघताना पहिला प्रश्न हाच पाहिजे.

२. आपल्या किनाऱ्याचं वारं समजून घ्या

बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतल्या समुद्रासाठी लिहिलेली असते. आपल्याकडं हंगाम ऑक्टोबर ते मे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरनं पूर्वेचं हलकं वारं, मग मध्ये तासभर काहीच नाही, आणि दुपारी वायव्येचं समुद्रवारं चढायला लागतं. मार्च ते मे ते आणखी जोरात येतं. मेच्या उत्तरार्धात मान्सूनआधीचे ढग तयार होतात आणि त्यातनं अचानक झोत येतात, तेव्हा बोट बाहेर काढायचीच कशाला.

याचा शिडाशी संबंध काय, तर गोव्यातनं मालवणला, म्हणजे साधारण ३५ सागरी मैल, उत्तरेला जायचं म्हटलं की दुपारचं वारं जवळजवळ तोंडावर येतं. वाऱ्याच्या उलट नागमोडी जायला शीड चांगल्या आकाराचं, सपाट आणि पुरेशा क्षेत्रफळाचं लागतं. येताना तेच वारं पाठीमागनं, आणि पाठीमागच्या वाऱ्यात शीड मास्टच्या तारांना चिकटून बसतं, तेव्हा ते खाली ओढणं अवघड. जाताना एक परीक्षा, येताना दुसरी. सिस्टीम दोन्हीत पास व्हायला पाहिजे.

३. मोजमाप आणि कागद गोळा करा

सिस्टीमचा दर मागायच्या आधी हे जवळ ठेवा:

- मास्टवर बूमच्या वरच्या कडेपासनं हॅलयार्डच्या सगळ्यात वरच्या जागेपर्यंतची उंची, तिला पी म्हणतात
- बूमवर मास्टच्या मागच्या बाजूपासनं शिडाच्या शेवटच्या जागेपर्यंतची लांबी, ही ई
- मास्टच्या मागच्या खाचेची रुंदी आणि आतलं माप, व्हर्निअरनं घेतलेलं, निदान तीन उंचीवर
- मास्ट आणि बूमवरच्या कंपनीच्या स्टिकरचा फोटो, प्रोफाइल नंबरसकट
- जुन्या शिडाचं बिल किंवा मापाचा कागद असेल तर तो
- बोटीचं नोंदणीपत्र आणि विम्याची पॉलिसी, कारण मास्टच बदलायचा असेल तर विमावाल्यांना आधी कळवलेलं बरं

हत्यारं: ३० मीटरची टेप, व्हर्निअर, लटकवायचा डिजिटल वजनकाटा, खडू, परमनंट मार्कर. वजनकाटा का ते पुढं सांगतो.

आमच्या बोटीचं पी ११.२ मीटर आणि ई ३.८ मीटर. त्रिकोण धरला तर २१.३ चौरस मीटर, आणि लीच बाहेरच्या बाजूला गोलाईनं फुगवलेली असते, ती साधारण दहा टक्के धरली की २३ च्या वर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

जुनं शीड तपासायला एवढी मोठी जागा कुठं मिळणार हा प्रश्न होता. ओळखीच्या एका मंगल कार्यालयात लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी फरशीवर शीड पसरलं, चपला बाहेर, खडूनं सरळ रेघ मारून लफ ताणली आणि बघितलं की पोट कुठं आलंय, म्हणजे कापड ताणून कुठं फुगलंय. मग शिवणीवरनं अंगठ्याचं नख जरा जोरात फिरवलं. बॅटनच्या, म्हणजे शीड ताठ ठेवणाऱ्या चपट्या पट्ट्यांच्या, खिशाजवळ धागा नखाखाली पुटपुट तुटत गेला, आणि बाजूचं कापड मात्र अजून कडक, कागदासारखं वाजणारं. आपल्या उन्हात आधी धागा मरतो, कापड नंतर. ही तपासणी फुकट आहे, बोट विकत घ्यायच्या आधीच करा, आणि धागा तुटत असेल तर पुन्हा शिवायचा खर्च किमतीतनं वजा करायला सांगा.

४. सिस्टीम कोणकोणत्या, आणि कुणासाठी

साधं स्लॅब रीफिंग. शीड स्लाइडवर, म्हणजे मास्टच्या खाचेत सरकणाऱ्या छोट्या तुकड्यांवर, मास्टला चढतं, बूमवर घडी पडतं, वारं वाढलं की शिडाचा तळाचा एक पट्टा खाली बांधून टाकायचा. शिडात ठराविक उंचीवर जाड कड्या असतात, दोन किंवा तीन रांगा. हॅलयार्ड सोडायचं, टॅककडची कडी बूमच्या पुढच्या हुकात अडकवायची, हॅलयार्ड परत कडक करायचं, क्लूकडचा रीफचा दोर ओढायचा. भाग कमी, किंमत कमी, काय बिघडलं ते डोळ्याला दिसतं. अडचण एकच, हुकासाठी कुणाला तरी मास्टपाशी जावं लागतं, आणि हलत्या डेकवर हार्नेस लावल्याशिवाय जायचं नाही म्हणजे नाही.

दोन दोरांचं रीफिंग. तेच, पण टॅकसाठी एक दोर आणि क्लूसाठी एक, दोन्ही कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणलेले. मास्टपाशी जायला नको. दोर जास्त होतात, दोन रीफचे चार, तेव्हा रंग वेगवेगळे घ्या.

एकाच दोराचं रीफिंग. ऐकायला सगळ्यात सोपं. एकच दोर क्लूमधनं आणि टॅकमधनं फिरून येतो, एक ओढला की दोन्ही कोपरे खाली. इथं नवखे फसतात म्हणून जरा हिशेब करूया. पहिली रीफ दीड मीटर उंचीवर आहे धरा. फक्त क्लूचा दोर असेल तर तो वर जाऊन खाली येतो म्हणजे तीन मीटर दोर ओढायचा. एकाच दोरात टॅकचेही तीन आले, सहा मीटर. दुसरी रीफ तीन मीटरवर, तिथं सहाचे बारा. बूमच्या आत सरकत्या पुलीची जोडणी असेल तर ओढायची लांबी कमी होते पण मग जोर जास्त लागतो. आणि प्रत्येक पुली, प्रत्येक कडी, प्रत्येक वळण घर्षण वाढवतं. छोट्या बोटीला, पहिल्या रीफला ठीक. मोठ्या शिडाला दुसऱ्या रीफसाठी मी तरी घेणार नाही.

लेझी जॅक आणि बॅग. हे रीफिंग नव्हे, खाली येणारं शीड गोळा करायची सोय आहे. मास्टच्या वरच्या भागातनं बूमच्या दोन्ही बाजूंना दोर सोडलेले असतात, शीड त्यांच्यामध्ये पडतं. त्याच दोरांना बूमवर कापडी बॅग लावली की शीड पडलं, वरनं चेन ओढली, झालं. दोन माणसांच्या बोटीला ही सोय मला जवळजवळ आवश्यक वाटते. पण एक खोड आहे, शीड चढवताना बॅटनची टोकं लेझी जॅकच्या दोरात अडकतात. उपाय दोन: दोरांची वरची टोकं मास्टच्या अंगावर न लावता स्प्रेडरवर, म्हणजे मास्टच्या आडव्या हातांवर, थोडी बाहेर लावा म्हणजे मधली वाट रुंद होते, आणि चढवताना दोर पुढं मास्टकडं ओढून ठेवता येतील अशी सोय करा. आम्ही दोन्ही केलं. दोरांच्या जोडणीला मी लेथवर डेल्रिनच्या (एक कडक प्लॅस्टिक) कड्या काढल्या, आतली कड गोल करून बफ केली, काळं डेल्रिन घेतलं कारण पांढरं उन्हात लवकर खराब होतं.

डचमन. शिडातनंच उभ्या नायलॉनच्या तारा ओवलेल्या असतात, शीड खाली येताना त्या तारांवर आपोआप डावी-उजवी घडी पडत जाते. बघायला सुंदर. पण शिडाला भोकं पाडावी लागतात, कव्हरला चिरा द्याव्या लागतात, आणि तारा नीट लागेपर्यंत धीर लागतो. हे काम येणारा माणूस जवळ असेल तरच घ्या.

मास्टमध्ये गुंडाळणारं शीड. दुकानाच्या शटरसारखं, पण उभं. मास्टच्या आत एक दांडा फिरतो, शीड त्यावर गुंडाळलं जातं. कॉकपिटमध्ये बसून हवं तेवढं बाहेर, हवं तेवढं आत, रीफच्या ठराविक पायऱ्या नाहीत. साठीच्या पुढच्या जोडप्यानं बोट चालवायची असेल तर याचं मोल फार आहे, ते मी मनापासून मान्य करतो.

किंमत कुठं मोजायची? पहिलं, आडव्या बॅटन चालत नाहीत, त्यामुळं लीच आत वळलेली कापतात. आमच्या २३ चौरस मीटरच्या जागी वीसच्या आतबाहेर येईल, म्हणजे पंधराएक टक्के गेलं. उभ्या बॅटननं थोडं परत मिळतं, पण गुंडाळीत त्या अडकायची भीती वाढते. दुसरं, रीफ घेतली तरी गुंडाळलेल्या शिडाचं वजन मास्टमध्ये वरपर्यंत राहतं, साध्या शिडात ते बूमवर खाली येतं. तिसरं, बंदरात बाजूनं वारं आलं की मास्टची खाच बासरीसारखी वाजते, खाचेत कापडी पट्टी ओढली की थांबते.

आणि चौथं, अडकणं. आमची बोट घ्यायच्या आधी मी एकाच्या बोटीवर दोन हंगाम क्रू म्हणून जायचो, तिच्यावर हीच सिस्टीम होती. वेंगुर्ल्याच्या बाहेर एप्रिलच्या दुपारी वारं चढलं, आम्ही शीड आत घ्यायला लागलो आणि निम्मं गेल्यावर थांबलं. मी मास्टपाशी जाऊन बघितलं तर खाचेच्या तोंडाशी कापडाची दुमड आडवी बसलेली, बोटभर जाड, आणि खाच तेवढी रुंदच नाही. मालकानं दोर विंचवर घेऊन जोर लावला, दुमड आणखी घट्ट. निम्मं शीड बाहेर, ते आतही जाईना, बाहेरही येईना, आणि या सिस्टीममध्ये हॅलयार्ड सोडलं म्हणून ते खालीही पडत नाही. चाळीसेक मिनिटं आम्ही एक एक वीत पुढंमागं करत होतो. कारण नंतर कळलं: शीड जुनं, पोट आलेलं, आणि आत घेताना क्लूचा दोर पूर्ण सैल सोडलेला, बूमची उंचीही चुकलेली.

म्हणून ही सिस्टीम घेतलीत तर: शीड चांगलं सपाट ठेवा, पोट आलं की बदला, बूमची बरोबर उंची बंदरात शोधून तिथं खूण करा, आत घेताना क्लूच्या दोरावर थोडा ताण ठेवा, आणि अडकलं तर विंच लावू नका, उलटं बाहेर काढा आणि परत गुंडाळा. जुन्या बोटीच्या साध्या मास्टला ही सिस्टीम नंतर बसवायची म्हणजे बहुधा मास्टच बदलायचा, तो खर्च जुन्या बोटीत मला पटत नाही.

बूममध्ये गुंडाळणारं शीड. हे आडवं शटर. शीड खाली बूमच्या आतल्या दांड्यावर गुंडाळलं जातं. पूर्ण लांबीच्या बॅटन चालतात, लीचची गोलाई राहते, वजन खाली येतं, आणि अडकलंच तर हॅलयार्ड सोडून शीड निदान खाली डेकवर घेता येतं, हा फार मोठा फायदा. पण मास्ट आणि बूममधला कोन अगदी ठरलेला पाहिजे, एक-दोन अंश चुकले की गुंडाळी पुढं किंवा मागं सरकत जाते आणि लफची कड घासते. त्यासाठी बूम खालनं उचलून धरणारा कडक व्हँग लागतो. गुंडाळताना एकानं हॅलयार्ड ताण ठेवून सोडायचं आणि त्याच वेळी दुसरा दोर ओढायचा, दोन्हीचा मेळ पाहिजे. आणि सगळ्यात महाग हीच. शीडही तिच्यासाठीच कापलेलं लागतं, ते वेगळं.

५. घर्षण: पैसे घालायचे तर इथं

माझं म्हणणं या लेखात कुठं असेल तर ते या पायरीत आहे. नवीन सिस्टीमचा कॅटलॉग बघायच्या आधी आहे त्या मास्टवर शीड किती जड चालतं ते मोजा.

हॅलयार्डला डिजिटल वजनकाटा लावला, तोच जो प्रवासाच्या बॅगेला लावतात, आणि वारं नसलेल्या सकाळी शीड हळूहळू वर ओढत आकडा बघितला. शीड स्वतः बॅटनसकट बाराएक किलो. वरच्या टोकाला काटा २६ दाखवत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद नुसती घासण्यात चाललेली. जे वर जाताना घासतं तेच खाली येतानाही अडतं, आणि वाऱ्यात तर बॅटनची टोकं मास्टवर दाबली जातात, मग आणखी.

मग मी मास्टची खाच खालपासनं वरपर्यंत साफ केली, मऊ कापडाची गोळी करून स्लाइडला बांधली आणि साबणपाण्यात भिजवून हॅलयार्डनं वर, आणि खालनं बांधलेल्या दोरानं परत खाली. पहिल्या फेरीला काळं-पांढरं मिठाचं पीठ निघालं. चार फेऱ्या, मग गोड्या पाण्यानं धुतलं, वाळल्यावर सिलिकॉनचा कोरडा स्प्रे. ग्रीस किंवा तेल कधी लावू नका, धूळ आणि मीठ त्यात बसून पॉलिश पेपरसारखं घासतं आणि शिडाला डाग पडतात ते वेगळं. वरची पुली गोल फिरत नव्हती, तिचा बुश मी नवीन केला. जुन्या नायलॉनच्या स्लाइड उन्हानं तडकलेल्या, त्या बदलल्या, चार जादा ठेवल्या. परत काटा लावला, १७.

त्यापुढं जायचं असेल तर बॅटनच्या टोकाला कार, म्हणजे मास्टवर सरकणारी छोटी गाडी, बसवतात, बेअरिंगवर चालणारी किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर सरकणारी. हार्केन, रॉनस्टन, सेल्डेन यांच्या कार येतात, टाइड्स मरीनची स्ट्राँग ट्रॅक पट्टी येते. बेअरिंगवाल्या महाग आणि मीठ-वाळू गेली की धुवाव्या लागतात, पट्टीवाल्यात बिघडण्यासारखं फार काही नाही, म्हणून आपल्यासारख्या घाटावर राहून किनाऱ्यावर बोट ठेवणाऱ्याला मी पट्टी सुचवेन.

कार बसवताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. कार लावल्या की उतरवलेल्या शिडाची मास्टकडची थप्पी उंच होते. पहिल्याच दिवशी बायको केबिनच्या टपावर उभी राहून म्हणाली, "अहो, शॅकल माझ्या हाताला पोचत नाही, हॅलयार्ड लावू कसं?" शॅकल म्हणजे हॅलयार्ड शिडाला जोडायची कडी. मग मास्टवर दोन घडीच्या पायऱ्या बसवल्या. तेव्हा थप्पीची उंची आधी विचारून घ्या, आणि बोटीवरच्या सगळ्यात बुटक्या माणसाचा हात मोजा.

६. बसवताना धातूचं भान ठेवा

आपल्याकडं उद्यमबागेत कुठलाही जॉब करून मिळतो, त्यामुळं मोह होतो की चला, स्टेनलेसचा हुक करून घेऊ. करा, पण ३०४ नको, ३१६ घ्या. ३०४ खाऱ्या हवेत एका हंगामात तांबूस पडतं. आणि ॲल्युमिनियमच्या मास्टवर स्टेनलेसचा स्क्रू नुसता मारू नका, मीठपाणी मध्ये आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसायला लागते आणि स्क्रू कायमचा बसतो. मध्ये टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखी पेस्ट भरा. रिव्हेट मारायचे तर मोनेलचे, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे. वेल्डिंग मास्टवर शक्यतो नकोच, उष्णतेनं त्या जागी ॲल्युमिनियम मऊ पडतं.

७. रीफ घ्यायचा क्रम पाठ करा, बंदरात

सुभेदारसाहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "काय करायचं ते आधीच ठरवून सोडायचं बघा, वारं आल्यावर चर्चा नको." त्यांनी आम्हाला वारं नसताना, नांगरावर, वीस वेळा तरी रीफ घ्यायला लावली असेल. आमचा क्रम:

१. सुकाणूवाला बोटीचं तोंड वाऱ्याच्या दिशेजवळ आणतो, पुढचं शीड भरलेलं ठेवतो म्हणजे बोट चालत राहते.
२. टॉपिंग लिफ्ट आवळायची, म्हणजे बूमला वरनं धरणारा दोर. हे विसरलात तर बूम डोक्यावर येते.
३. मेनशीट (बूम आत-बाहेर आवरणारा दोर) सैल, व्हँग (बूम खाली ओढून धरणारी जोडणी) सैल.
४. हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडायचं.
५. टॅक खाली घट्ट.
६. हॅलयार्ड परत कडक, लफवर सुरकुती राहता कामा नये.
७. क्लूचा दोर विंचवर, बूमला भिडेपर्यंत.
८. टॉपिंग लिफ्ट सैल, व्हँग आणि मेनशीट परत.

हॅलयार्डवरची खूण मार्करनं करू नका, आमची दोन महिन्यांत पुसली गेली. जाड मेणदोरा दोराच्या विणीतनं ओवून गुंडाळा, पहिल्या रीफला एक पट्टा, दुसरीला दोन. रात्रीसुद्धा बोटाला कळतं.

रीफ घेतल्यावर लोंबणारा पट्टा आवरायच्या शिडाच्या मधल्या छोट्या दोऱ्या बांधताना त्या बूमभोवती न बांधता शिडाच्या दुमडीभोवतीच बांधा, आणि रीफ सोडताना आधी त्या सोडा, मग क्लू, मग टॅक, मग हॅलयार्ड वर. एक जरी दोरी बांधलेली राहिली आणि हॅलयार्ड ओढलं तर सगळा जोर त्या एका भोकावर येतो आणि शीड तिथनं फाटतं.

रीफ कधी घ्यायची? सुकाणू सारखं एका बाजूला ओढायला लागलं आणि बोट वाऱ्याकडं तोंड वळवायला बघू लागली की घ्या. आमच्या बोटीला वाऱ्याच्या उलट जाताना १६-१७ नॉटला पहिली लागते. पाठीमागचं वारं असेल तर आकडा बघून फसू नका, बोटीचा वेग वजा होऊन वारं कमी वाटतं, तोंड फिरवलं की खरं कळतं.

८. आम्ही काय घेतलं

दोन दोरांचं रीफिंग, दोन रीफ कॉकपिटमधनं आणि तिसरी मास्टपाशी जाऊन बांधायची, लेझी जॅक, बॅग, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार. हॅलयार्ड डायनिमा या कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्याचं. आता हॅलयार्ड मोकळं सोडलं की तोंड वाऱ्याकडं असताना शीड आपल्या वजनानं जवळजवळ पूर्ण बॅगेत पडतं, शेवटचा हातभर ओढायला लागतं. बायको एकटी उतरवते.

तुमच्यापैकी कुणाचे गुडघे, कंबर, खांदा साथ देत नसेल, किंवा बोट चाळीस फुटांच्या पुढची असेल आणि शीड नवं असेल, तर मास्टमध्ये गुंडाळणारी सिस्टीम असलेली बोट जरूर बघा, फक्त विकणाऱ्याला सांगा की माझ्यासमोर वाऱ्यात तीन वेळा पूर्ण बाहेर काढा आणि पूर्ण आत घ्या. बंदरातल्या शांत हवेतला डेमो धरू नका. कुणी टाळाटाळ केली तर त्या बोटीवर पैसे लावू नका.

९. मे संपायच्या आत

बॅग आहे म्हणून शीड पावसाळाभर बूमवर ठेवायचं हा घोटाळा करू नका. बॅगेत पाणी साचतं, बुरशी धरते, आणि मास्टमध्ये गुंडाळलेलं शीडही आत ओलंच राहतं, तेही काढा. आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात शीड उतरवतो, बॅटन काढून त्यांच्यावर खिशाचे नंबर घालतो, शीड सैल गुंडाळून जीपच्या टपावर, आणि चोर्ल्यातनं घरी. गच्चीवर गोड्या पाण्यानं धुवायचं, साबण अगदी सौम्य, सावलीत वाळवायचं, पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. बेळगावात वळीव कधी येईल सांगता येत नाही त्यामुळं घरातलं एक माणूस आकाशाकडं लक्ष ठेवून. मग शॉपच्या माळ्यावर, उंदीर लागणार नाहीत अशा पेटीत. हॅलयार्डच्या जागी मास्टमध्ये पातळ दोरी ओवून ठेवायची म्हणजे ऑक्टोबरमध्ये वर चढायला लागत नाही, आणि त्या दोरीची दोन्ही टोकं खाली एकत्र बांधून घ्या, एक टोक सुटून वर गेलं तर मास्टवर चढूनच काढावं लागतं.